मान्ता, फ्रासादा की कोबीहा: चादरीच्या लेबलावर काय छापावं?

इंग्रजीत ब्लँकेट म्हटलं की भागतं. स्पॅनिशमध्ये तेच पांघरूण स्पेनला मान्ता, अर्जेंटिना-चिलीत फ्रासादा, मेक्सिको-कोलंबियात कोबीहा. सोलापुरी चादर तिकडं पाठवायची तर यातला एक शब्द धरावाच लागतो. मी तिन्ही वापरून पाहिलेत. (साबानाचा विचार नको, ते अंथरायचं पातळ बेडशीट. आपली जकार्डची जाड सुती चादर अंगावर घ्यायची.)

सुरुवात मी मान्तापासून केली. शब्दकोशात ब्लँकेटसमोर तोच पहिला दिसला, उच्चारायलाही सोपा. दरपत्रकात ‘मान्ता दे आल्गोदोन’, म्हणजे सुती ब्लँकेट, असं लिहून मेक्सिकोच्या एका व्यापाऱ्याला पाठवलं. उत्तर आलं: मीटरचा भाव काय, पन्हा किती? मी नगाचा भाव कळवला. त्यानं पुन्हा पन्हा विचारला. दोन आठवडे असेच गेले. शेवटी मोराची चादर टेबलावर उलगडली, दोन्ही टोकं दिसतील असा फोटो काढून पाठवला, तेव्हा कुठं गाठ सुटली. मेक्सिकोत मान्ता म्हणजे साधं सुती कापड, आपलं मांजरपाट म्हणा ना. मोर्चातल्या कापडी फलकालाही तिथं मान्ताच म्हणतात. वर ‘सुती’ जोडून मी घोटाळा आणखी पक्का केला होता. ऑर्डर हातची गेली नाही, पण मान्तावरचा माझा विश्वास उडाला तो उडालाच.

फ्रासादात अशी गल्लत होत नाही. शब्द मूळचा कातालान भाषेतला. अडचण एवढीच, की स्पॅनिश अकादमीचा कोश त्याचा अर्थ केसाळ ब्लँकेट असा देतो, आणि आपल्या चादरीला लव नसते. लोकरीसारखं काही येईल म्हणून मागवलं आणि हातात सूत पडलं, तर? माझ्याकडं अशी तक्रार आलेली नाही, पण धास्ती वाटते. माल फक्त अर्जेंटिना-चिलीला जाणार असेल तर मात्र खुशाल फ्रासादा लिहा.

कोबीहा मला जवळचा वाटतो. त्याच्याच घरातलं कोबिहार हे क्रियापद, म्हणजे पांघरूण घालणं, आसरा देणं. सूत की लोकर, याबद्दल शब्द काही बोलत नाही, आपल्या ‘पांघरूण’सारखाच. स्पेनमध्ये छपरावर पालथ्या घातलेल्या कौलाला कोबीहा म्हणतात, त्यामुळं तिथल्या दुकानासाठी मान्ताच बरा. माझी विचारणा बहुतेक मेक्सिको आणि कोलंबियाकडून येते, तुमची वेगळीकडून येत असेल तर तुमचा हिशोब वेगळा निघेल.

आता लेबलावर मी ठळक कोबीहा छापतो आणि त्याला लागूनच लांबी-रुंदी सेंटिमीटरमध्ये. ते दोन आकडे दिसले की मीटरचा भाव कुणी विचारत नाही.