तव्यापासून पाच मिनिटांच्या आत

वडापावच्या गाडीसमोर आलेला मुंबईकर एक नियम कधी बोलून दाखवत नाही, पण तो कसोशीने पाळतो. कढईतून घाणा निघताना दिसला तर तो थांबतो, आणि परातीत वडे निवत पडलेले दिसले तर मुकाट्याने पुढच्या गाडीकडे वळतो. गेल्या काही वर्षांत वांद्रे, लोअर परळ, पवई अशा भागांत जी महागडी बर्गरची दुकाने उघडली आहेत, त्यांचे परीक्षण मला याच नियमाने करावेसे वाटते. साडेचारशे रुपयांच्या बर्गरवर ‘यापेक्षा पंचवीस वडापाव आले असते’ हा शेरा मारणे सोपे आहे, आणि तो मी स्वतः अनेकदा मारलेला आहे. तरीही या दुकानांसमोर रांग लागते, आणि त्या रांगेत उभी राहिलेली माणसे काही मूर्ख नसतात.

मी गेलो ते लोअर परळच्या एका दुकानात, भाच्याच्या आग्रहावरून. त्याचे कार्यालय तिथून चालत पाच मिनिटांवर आहे आणि महिन्यातून एक-दोनदा त्याचे जेवण तिथेच होते. साखळीचे नाव मी लिहीत नाही, कारण पुढे एक तक्रारही आहे आणि ती त्या एकाच साखळीला चिकटवणे न्याय्य होणार नाही. आम्ही दोघांनी प्रत्येकी ४२५ रुपयांचा एक बर्गर, १८० रुपयांचे फ्राईज दोघांत मिळून आणि २६० रुपयांचा एक शेक असे मागवले. ५ टक्के जीएसटी धरून बिल साधारण साडेतेराशेच्या घरात गेले. पैसे आधी भरायचे, हातात एक बझर घ्यायचा आणि तो थरथरला की काउंटरवर जाऊन ट्रे उचलायचा, अशी पद्धत आहे. वाढपी नाही, काटा-चमचा नाही, आणि सेवाशुल्काचा वादही नाही.

बझर थरथरायला अकरा मिनिटे लागली. ही अकरा मिनिटे मी काचेपलीकडच्या तव्याकडे पाहण्यात घालवली, आणि संपूर्ण भेटीतला सर्वांत मोलाचा भाग तोच होता. स्वयंपाकी खिम्याचा सैलसर गोळा कडक तापलेल्या लोखंडी तव्यावर टाकतो, आणि पहिल्या काही सेकंदांतच जड दाबणीने त्याची चकती करतो. यालाच हल्ली सगळे स्मॅश बर्गर म्हणतात. पाणी १०० अंशांना उकळत असल्यामुळे ओल्या पृष्ठभागावर मांस फक्त शिजते, भाजले जात नाही. पृष्ठभाग कोरडा होऊन तापमान १४० अंशांच्या पुढे गेले की त्यातली प्रथिने आणि शर्करा यांच्यात प्रक्रिया होऊन तो तपकिरी, खमंग, किंचित कडवट पापुद्रा तयार होतो. दाबल्यामुळे मांसाचा जास्तीत जास्त भाग तव्याला भिडतो आणि पापुद्रा वाढतो. मात्र दाबायचे ते सुरुवातीलाच; मांस शिजू लागल्यावर दाबले तर रस तव्यावर सांडून चकतीचा चामडा होतो. आमच्या स्वयंपाक्याने एकदाच दाबले, उलथन्याने पापुद्र्यासकट खरवडून उलटले आणि वर चीज ठेवले. भाकरीचा पापुद्रा ज्याला ओळखता येतो, त्याला ही करामत समजावून सांगावी लागत नाही.

चीजबद्दल एक आगाऊ सूचना. ‘एवढे पैसे घेऊन साधे प्रोसेस्ड चीज का?’ असे कुणी विचारू नये. चांगले मुरलेले चेडर उष्णतेने फुटते आणि तेल सोडते. प्रोसेस्ड चीजमधले क्षार चरबी आणि पाणी यांना एकत्र धरून ठेवतात, म्हणून ते मांसाच्या खाचाखोचांत एकसंध वितळते. या एका ठिकाणी स्वस्त पदार्थच योग्य पदार्थ आहे.

या दुकानांचे आकर्षण नेमके कशात आहे, हे समजण्यासाठी थोडे मागे जावे लागते. १९४८ साली कॅलिफोर्नियात दोन गोष्टी घडल्या. मॅकडोनाल्ड बंधूंनी सॅन बर्नार्डिनोतले आपले दुकान बंद ठेवून स्वयंपाकघराची कारखान्यासारखी मांडणी केली, पदार्थ नऊवर आणले आणि १५ सेंटांचा बर्गर झटपट हातात देण्याची सोय केली. त्याच वर्षी तिथून फार दूर नसलेल्या बाल्डविन पार्कमध्ये स्नायडर दांपत्याने इन-एन-आउट हे बर्गरचे दुकान सुरू केले, आणि ते आजही गोठवलेले मांस वापरत नाही. पुढची कित्येक दशके जगाने पहिल्याचा कित्ता गिरवला. भारतात १९९६ साली मॅकडोनाल्ड्स आले तेव्हा आपण जे पाहिले तेही त्याच शाखेचे रूप होते, फक्त बीफ आणि पोर्क वगळून. २००१ मध्ये न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर पार्कमध्ये डॅनी मेयर या उपाहारगृहचालकाच्या मंडळींनी हॉट डॉगची एक गाडी लावली. २००४ मध्ये तिचे पक्के दुकान झाले आणि त्यातून शेक शॅक ही बर्गरची साखळी उभी राहिली. उत्तम जेवण वाढणाऱ्या माणसाने गाडीवरच्या पदार्थाकडे लक्ष दिले, एवढाच त्यातला नवेपणा होता. लोकांना तो इतका पटला की २०१८ मध्ये खुद्द मॅकडोनाल्ड्सला अमेरिकेतल्या आपल्या क्वार्टर पाउंडर बर्गरसाठी गोठवलेल्या मांसाऐवजी ताजे मांस आणावे लागले.

म्हणजे वेगाच्या हव्यासापायी स्वयंपाकघरातून जो स्वयंपाकी बाहेर काढला होता, त्याला परत तव्यासमोर उभे करण्याचे हे जादा पैसे आहेत. मुंबईकराला हा सौदा ओळखीचा वाटतो, कारण आपल्या गाड्यांवरून तो माणूस कधी गेलाच नव्हता. भुर्जीवाला, सँडविचवाला, डोसेवाला, सगळे आपल्या डोळ्यांदेखत आणि आपल्यापुरते करून देतात.

मुंबईत मांसाचा प्रश्न मात्र वेगळा आहे. २०१५ च्या कायद्याने महाराष्ट्रात गाईबरोबर बैल आणि वळू यांच्या कत्तलीवरही बंदी आली. म्हशीचे मांस चालते, आणि मेन्यूवर ‘बफ’ किंवा ‘टेंडरलॉइन’ लिहिलेले असते ते तेच. त्यात चरबी कमी असते. अमेरिकन पद्धतीच्या बर्गरला खिम्यात साधारण २० टक्के चरबी धरतात, तेवढी नसली की चकती कोरडी पडते आणि मग स्वयंपाक्याला वरून चरबी किंवा लोणी मिसळावे लागते. आमच्या दुकानाने ते नीट केले होते. भाच्याचा चिकन बर्गर खिम्याचा नसून तंगडीच्या मांसाचा, ताकासारख्या आंबट मिश्रणात मुरवून तळलेला अख्खा तुकडा होता, आणि प्रामाणिकपणे सांगायचे तर तो माझ्या बर्गरपेक्षा सरस होता. छातीच्या मांसाचा कोरडा भुसा खाऊन ज्यांनी चिकन बर्गरवर फुली मारली आहे, त्यांनी हा एकदा खावा.

पावाबाबत आमचे मतभेद झाले. ब्रियोश, म्हणजे अंडे आणि लोणी घातलेला गोडसर पाव, दिसायला देखणा असला तरी अर्ध्यावर येईपर्यंत खालून भिजतो आणि सॉससकट मनगटावर उतरतो. आपला लादीपाव लोण्यावर भाजून दिला असता तर त्याने हा भार निमूट वाहिला असता, असे मी म्हणताच भाचा म्हणाला, “मामा, तू पाव खायला आलायस, मी पॅटी.” शाकाहारी मंडळींनी इथे लक्ष ठेवावे, कारण ब्रियोशमध्ये अंडे असते आणि आतला पदार्थ शाकाहारी असला तरी पाव बिनअंड्याचा असेलच असे नाही, काउंटरवर विचारून घ्यावे. शाकाहारी बर्गर आम्ही नंतर एक मागवून पाहिला. मशरूम आणि चीज भरून तळलेला तो गोळा गरम असताना चांगला लागला, पण ३७५ रुपये द्यावेत असे त्यात काही नव्हते. बटाटेवड्याने या शहरात शाकाहारी बर्गरसाठी फारशी जागा ठेवलेली नाही.

आता तक्रार. आठवडाभराने हाच बर्गर मी दादरला घरी मागवला. ॲपवर तीच किंमत, वर पॅकिंगचा आणि डिलिव्हरीचा आकार. खोका आला तो चाळीस मिनिटांनी, सुबक, जाड पुठ्ठ्याचा, चारी बाजूंनी बंद. आत कोंडलेल्या वाफेने पापुद्रा मऊ पडला होता, चीज पावाला चिकटून बसले होते, आणि फ्राईज पावसाळ्यात उघड्या राहिलेल्या कुरमुऱ्यांसारखे झाले होते. ज्या गोष्टीचे जादा पैसे दिले, तीच नेमकी वाटेत हरवली. दुकानाकडे लिहून कळवल्यावर पुढच्या खेपेसाठी दीडशे रुपयांचे कूपन आले. खोक्याला दोन भोके पाडावीत हे कुणाला सुचल्याचे दिसले नाही. इतरही दोन साखळ्यांचे बर्गर मी या काळात घरी मागवले, आणि तिघांची गत सारखीच झाली. केवळ घरपोच बर्गर देणारी स्वयंपाकघरे या शहरात भराभर वाढत आहेत, तेव्हा हे दुखणे किरकोळ नाही.

ज्यांना जायचे असेल त्यांनी दुपारी चारच्या सुमारास जावे. कार्यालयांची गर्दी ओसरलेली असते आणि स्वयंपाक्याला एका वेळी दोनच गोळ्यांकडे पाहायचे असते. शेक अति गोड आणि इतका घट्ट आहे की नळी तोंडात धरून मेहनत करावी लागते, तो टाळावा. फ्राईज दोघांत एक पुरेसे. काचेजवळचे उंच स्टूल मिळाले तर उत्तम, नाहीतर काउंटरच्या कडेला उभे राहून खावे. आम्ही दुसऱ्या खेपेला तसेच खाल्ले, ट्रे टेबलापर्यंत नेलाच नाही.