चितार आळी : घरात बेताचा रंग आणायचा असेल तर

सावंतवाडीला आलेली मंडळी मोती तलावाकाठी फोटो काढतात आणि चितार आळीतून, म्हणजे इथल्या रंगीत लाकडी वस्तूंच्या बाजारातून, पोरांसाठी भोवरा नाहीतर बैलगाडी घेऊन गोव्याची वाट धरतात. मी गेले ती घरासाठी खरेदी करायला, त्यामुळे हा अभिप्रायही त्याच हिशेबाने.

आमचं घर वेंगुर्ल्याच्या बाजूला. ओटीची एक भिंत उघड्या जांभ्याची, म्हणजे तांबड्या सच्छिद्र दगडाची, खाली लाल कोबा, दारं नि कपाट फणसाचं, बाकी भिंती पांढऱ्या. इंटिरिअरवाले साठ-तीस-दहाचं गणित सांगतात : साठ टक्के मुख्य रंग, तीस टक्के जोडीचा, दहा टक्के उठावाचा. कोकणातल्या जुन्या घरात तो तिसाचा वाटा जांभा, कोबा आणि लाकडाने आधीच अडवलेला असतो. त्यात वळचण एवढी खाली की भर दुपारी आत सावली. लेकीला एक भिंत गडद निळी हवी होती. तिथला होता नव्हता तो उजेडही गेला असता. नको म्हटलं. उरलेला दहाचा वाटा उचलून ठेवता येतील अशा वस्तूंनीच भरू.

आळीतली खरी अडचण म्हणजे दुकानात सगळंच एकदम रंगीत. लाल पाट, हिरवे चौरंग, फुलापानांच्या डब्या, वर लाकडी वांगी-केळ्यांच्या परड्या. त्या गर्दीत एका वस्तूचा रंग कळतच नाही. मी पिशवीत जांभ्याचा एक तुकडा नेला होता. वस्तू दुकानाच्या पायरीवर उजेडात आणायची आणि शेजारी तुकडा ठेवायचा. एक काका आधी हसले, मग स्वतःच लाल पाट बाजूला सारून म्हणाले, "ताई, ह्यो पिवळो घेवा. लाल तुमच्या भिंतीर मरतलो." बरोबर बोलले. तुकड्याशेजारी तो लाल विटकरी दिसत होता आणि हळदीसारखा पिवळा खुलत होता.

शेवटी एक पिवळा चौरंग आणि एक पोपटी स्टूल घेतलं. चौरंगाच्या कडेची वेल हाताने काढलेली आहे. एका कोपऱ्यात पान जरा फुगलंय, तिथे ब्रश वळवताना जागा कमी पडली असावी. मला तो कोपरा सगळ्यात आवडतो, म्हणून तोच दाराकडे ठेवलाय.

तिथून चालत राजवाड्यात गेले. तिथे कारागीर गंजिफा, म्हणजे हाताने रंगवलेले खेळायचे पत्ते, रंगवताना बघायला मिळतात. दशावतारी गंजिफात दहा अवतारांची बारा-बारा, म्हणजे 120 गोल पानं. ही कला टिकली त्यात राजेसाहेब शिवरामराजे आणि राणीसाहेब सत्वशीलादेवी भोसले यांचा मोठा वाटा. मी मत्स्यावताराचं चित्र चौकटीत घेतलं. आळीतल्या मालापेक्षा महाग, पण रेघ फारच बारीक. पांढऱ्या भिंतीवर ते एकटंच लावलंय. जांभ्यावर काहीही टांगू नका, दगडाच्या छिद्रांपुढे बारीक काम दिसतच नाही.

आता तक्रार. एका दुकानातल्या ट्रेवर ओला रुमाल घासला तर रुमाल गुलाबी झाला. वर व्हार्निश नावापुरतंच. दुकानदाराचं म्हणणं, "शोभेची वस्तू आहे, पुसता कशाला?" आमच्याकडे जून ते सप्टेंबर भिंतींनाही घाम फुटतो, न पुसून कसं चालेल? तेव्हा ओला रुमाल घासून बघा, आणि वस्तू उलटी करूनही बघा. खालची बाजू कोरी असली तर पहिल्या पावसातच बुरशी धरते. माझ्या स्टुलाची खालची बाजू कोरीच होती. सांगितल्यावर तिथल्या तिथे व्हार्निशचा हात मारून दिला, पैसे घेतले नाहीत. वाळेपर्यंत तलावाला एक फेरी होते.

लाकडी फळांची परडी मात्र घेतली नाही. एवढ्याशा टेबलावर पाच रंग एकदम, म्हणजे माझे दहा टक्के तिथेच संपले असते. पुण्या-मुंबईच्या फ्लॅटमध्ये, जिथे भिंती, सोफा, फरशी सगळंच बदामी असतं, तिथे तीच परडी बेलाशक घ्या. गणपतीच्या आधीच्या आठवड्यात मात्र जाऊ नका. पाट-चौरंगाला झुंबड असते आणि पायरीवर वस्तू मांडून बघू द्यायला कोणालाही सवड नसते.