रजिस्ट्रेशन मार्क: सेन्सरवर सोडायचे की हाताने जुळवायचे?

छापलेल्या शीटवर नेमकं कुठे कापायचं हे कटिंग मशीनला कळावं म्हणून स्टिकरांसोबत काळ्या खुणा छापतात, तेच रजिस्ट्रेशन मार्क. लालबागच्या माझ्या छोट्या दुकानात स्टिकर कापताना दोन्ही पद्धती लागतात. मॅट कागदावर मशीनचा सेन्सरच बरा. काळे मार्क तो स्वतः शोधतो, कागद किंचित तिरका बसला तरी सांभाळून घेतो. पण ग्लॉसी लॅमिनेशन चढलं की त्याची चमक सेन्सरला चकवते आणि मशीन मार्कावरून नुसतं पुढेमागे फिरत राहतं. तेव्हा मार्कांवर मॅट चिकटपट्टीचा तुकडा लावा, बहुतेकदा काम भागतं.

नाहीच भागलं, तर मशीनच्या लेझरचा लाल ठिपका एकेका मार्कावर हाताने आणायचा. वेळ जातो, ५० शीटना हे परवडत नाही. होलोग्राफिक व्हिनाइलला (इंद्रधनुषी चमकणाऱ्या प्लास्टिक शीटला) मात्र मी हाच मार्ग धरतो.

आणि हो, प्रिंट ‘फिट टू पेज’ने (पानात बसवायला आकार लहानमोठा करणाऱ्या पर्यायाने) काढली असेल तर मार्कांमधलं अंतरच बदलतं. आधी पट्टीने मोजा.