कॅनाबिस अवॉर्डसाठी निवड झालीय असा मेल आला असेल तर आधी हे वाचा

पुण्यात जे कोणी हेम्पचं, म्हणजे कॅनाबिसच्या (भांगेच्या) झाडाच्या नशा न होणाऱ्या जातीचं, काही करतायत, तेल, प्रोटीन पावडर, साबण, कापड, काहीही, त्यांच्यासाठी लिहितेय. बाकीच्यांनीही वाचा, कारण शेवटचा भाग कुणाच्याही बाबतीत होऊ शकतो.

आमचं धायरीत छोटं युनिट आहे, मी आणि माझे दीर मिळून चालवतो. हेम्पच्या बियांची चटणी, लाडू आणि तेल. सगळं कायद्यात बसतं. 1985 च्या एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्यात गांजा म्हणजे झाडाचा फुलोरा, फुलोरा सोबत नसेल तर बी त्यात येत नाही, आणि 2021 च्या नोव्हेंबरात एफएसएसएआयने, म्हणजे अन्नसुरक्षेच्या सरकारी संस्थेने, हेम्पचं बी, तेल, पीठ खाद्यपदार्थ म्हणून मान्यही केलं, टीएचसीची, म्हणजे नशा आणणाऱ्या घटकाची मर्यादा घालून, बियांना किलोमागे 5 मिलिग्रॅम आणि तेलाला 10. पण हे किती जणांना समजावणार? सोसायटीतल्या काकू अजून विचारतात, "काय गं, ते भांगेचं चालूय का अजून?" जाहिरात टाकली की अकाउंट अडकतं, पेमेंट गेटवेवाले नाव ऐकूनच नको म्हणतात, आणि सासूबाई लग्नाकार्यात सांगतात की सुनेचा मसाल्यांचा बिझनेस आहे. अशात कुणी म्हणालं की तुमच्या कामाची जगाने दखल घेतलीय, तर कसं वाटेल ते बघा.

तर मेल आला. आंतरराष्ट्रीय कॅनाबिस अवॉर्ड, आशिया विभाग, 'बेस्ट हेम्प फूड ब्रँड'साठी शॉर्टलिस्ट. दीर ओरडतच आले, "वहिनी, आपलं नाव आलंय!" वेबसाइट झकास, परीक्षकांचे फोटो, कॅलिफोर्नियातलं ऑफिस. नॉमिनेशन फ्री. मग प्रोसेसिंगचे 4,999. मग बियांचं सॅम्पल आणि सोबत पॅन, आधार, एफएसएसएआय लायसन्सची कॉपी कुरिअर करा. मग आठवड्याभरात अभिनंदन, तुम्ही जिंकलात, आता फक्त विनर पॅकेज घ्या, 48,000 अधिक जीएसटी, म्हणजे 56,640, त्यात ट्रॉफी, सर्टिफिकेट, मासिकात मुलाखत आणि गोव्याच्या सोहळ्यात दोन खुर्च्या. फोनवरची बाई इतकी गोड बोलायची की मला तिचा आवाज अजून ऐकू येतो. पैसे भरले.

सोहळा आधी पुढे ढकलला, मग 'व्हर्च्युअल' झाला. ट्रॉफी मात्र आली. ॲक्रिलिकची, पेठेतल्या कुठल्याही दुकानात सातआठशेला मिळते तसली, आमच्या ब्रँडच्या नावात एक अक्षर चुकलेलं, आणि मधोमध हे एवढं मोठं हिरवं पान. ते पान बघून पहिल्यांदा डोक्यात खटकलं. कारण हेम्पच्या खाद्यपदार्थाच्या लेबलवर बी सोडून झाडाचा कुठलाच भाग दाखवता येत नाही, पान तर नाहीच. म्हणजे 'पॅकेटवर लावा, सेल वाढेल' म्हणून जो बॅज दिला होता तो लावला असता तर लायसन्सच गोत्यात. या धंद्यातल्या माणसाला हे माहीत नाही?

मग बिल काढून बघितलं. जीएसटी नंबर 15 अक्षरांचा, पहिले दोन आकडे राज्याचे, महाराष्ट्राचे 27. यांचा पत्ता दिल्लीचा, नंबर 27 चा. जीएसटी पोर्टलवर टाकला तर नाव आलं एका टाइल्सवाल्याचं. त्या बिचाऱ्यालाही पत्ता नसेल. आणि आपले पैसे गेले होते कुणाच्या तरी सेव्हिंग खात्यात.

खरे अवॉर्ड नसतातच असं नाही हं. हाय टाइम्स मासिकाचा कॅनाबिस कप 1988 पासूनचा, ॲमस्टरडॅमला सुरू झालेला. कॅलिफोर्नियाचा एमराल्ड कप 2003 चा, तिथले शेतकरी आपापला माल घेऊन उतरतात, माल लॅबमध्ये तपासला जातो, मग परीक्षक बसतात. फी तिथेही असते, त्यामुळे फी मागितली म्हणजे लगेच फ्रॉड असं मी म्हणणार नाही. पण तिथे फी आधी भरायची, मग हरा नाहीतर जिंका. इथे आधी जिंकवतात, मग फी.

आता खरा घोळ. महिन्याभराने दिरांना व्हिडिओ कॉल, समोर वर्दीतला माणूस, मागे कसलंतरी चिन्ह. 'मुंबई कस्टम्समधून बोलतोय, तुमचं पार्सल पकडलंय, बियांच्या खाली गांजा सापडला, कमर्शियल क्वांटिटी, जामीन नाही.' पार्सलचा नंबर बरोबर, आधारचे आकडे बरोबर. असणारच, आपणच दिलेले ना! दीर घामाने ओले, दार आतून लावून बसलेले, कारण 'घरात कुणाला सांगितलंत तर त्यांनाही उचलू'. तीन लाख 'व्हेरिफिकेशन'साठी पाठवा, क्लिअर झाले की परत. मी जेवायला हाका मारून दमले तेव्हा दार उघडलं. मी फोन घेतला आणि विचारलं, साहेब, कमर्शियल क्वांटिटी गांजाची 20 किलोपासून सुरू होते, आम्ही पाव किलो बी पाठवलं होतं, उरलेला माल कुठून आला? कॉल कट. व्हिडिओ कॉलवर अटक हा प्रकार कायद्यातच नाहीये, 2024 च्या ऑक्टोबरात पंतप्रधानांनी 'मन की बात'मध्येसुद्धा सांगितलं होतं, पण त्या क्षणी समोर वर्दी असते आणि आपण भांगेचं काम करतो ना, त्यामुळे गुन्हा न करताही अर्धे घाबरलेलेच असतो. पहिल्या वेळी आमची हौस विकली, दुसऱ्या वेळी आमची भीती. माणसं तीच असणार, निदान यादी तरी तीच.

1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन केला, सायबरक्राइमच्या सरकारी पोर्टलवर तक्रार टाकली, मग पोलिसांकडे गेलो. तिथे पहिली दहा मिनिटं बी म्हणजे काय, फुलोरा म्हणजे काय यातच गेली. "नशा होते का मॅडम?" नाही होत. लॅब रिपोर्ट दाखवला, मग तक्रार नीट लिहून घेतली. तुम्ही गेलात तर लायसन्स आणि रिपोर्ट फाइलमध्ये घेऊनच जा, वेळ वाचेल, आणि भांग शब्दाला घाबरून घरी बसू नका, 1930 ला जितक्या लवकर कळवाल तितकी खात्यातली रक्कम अडवता येण्याची शक्यता जास्त. आमची पहिली रक्कम तोवर पुढे सरकलेली होती, अजून मिळालेली नाही.

एक अजून. त्यांच्या वेबसाइटवर ट्रॉफी हातात धरलेला आमचा फोटो आहे, 'पुण्याचे विजेते' म्हणून. गेल्या आठवड्यात नाशिकच्या एका मुलीचा फोन आला, ताई तुम्हाला मिळालंय म्हणजे जेन्युइन असेल ना, मी आज पैसे भरतेय. थांबवलं तिला. फोटो काढा म्हणून मेल केलाय, उत्तर नाही. त्यामुळे तो फोटो दिसला तर तो आमचाच आहे, आणि आम्ही त्या अवॉर्डची शिफारस करत नाही.