तलावाची तब्येत बघायची तर लॅब टेस्ट करायची की किडे मोजायचे?

नवी मुंबईतल्या नेरूळच्या एका ग्रुपने विचारलंय की वर्गणी थोडीच जमलीये, तर त्यात पाण्याची लॅब टेस्ट करून घ्यायची की तुम्ही ठाण्यात करता तसं किडे-अळ्या मोजायला शिकायचं. आमच्या सोसायटीमागच्या तलावावर आम्ही दोन्ही करून बसलोय, पैसेही गेले आणि कितीतरी रविवारही, त्यामुळे आता तुम्ही तरी तेच परत करू नका.

आधी लॅबचं. बाटली भरून दिली की पीएच (पाणी किती आम्ल), डीओ, बीओडी (घाण कुजवताना जिवाणू ओढतात तो ऑक्सिजन), सीओडी (तीच घाण केमिकलने मोजलेली), अमोनिया असे आकडे कागदावर येतात. डीओ म्हणजे पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन, माशांसाठी सीपीसीबी, म्हणजे केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळ, लिटरला कमीत कमी ४ मिलिग्रॅम धरते, आंघोळीच्या पाण्याला ५, आणि बीओडी ३ च्या आत हवा. याचा मोठा फायदा एकच, हा कागद चालतो. तक्रार करायला जाल तर एनएबीएलची (लॅबना मान्यता देणारी राष्ट्रीय संस्था) मान्यता असलेल्या लॅबचा रिपोर्ट पुढे ठेवा, मग बोलणं तरी होतं. "साहेब, तळ्यात लाल अळ्या वाढल्यात" म्हणालात तर साहेब चहा पाजतात आणि लिफ्टपर्यंत सोडायला येतात.

पण बाटलीत पाणी असतं ते त्या मिनिटाचं. आमच्याकडे पहिल्या वर्षी लॅबचा मुलगा मे महिन्यात दुपारी दीडला आला, डोक्यावर ऊन, पाणी कोथिंबिरीच्या चटणीसारखं हिरवंगार, आणि रिपोर्टमध्ये डीओ एकदम मस्त. आम्ही खूश. चार दिवसांनी सकाळी कडेला तिलापिया उलटे तरंगत होते, आणि तिलापिया म्हणजे कशातही जगणारा मासा! झालं असं की शेवाळ उन्हात ऑक्सिजन सोडतं आणि रात्रभर तोच ओढून घेतं, त्यामुळे सगळ्यात वाईट वेळ उजाडायच्या आधीची. मग आम्ही स्वतः किट आणून पहाटे साडेपाचला बाटली भरली. त्यात दोन औषधं टाकायची असतात, ऑक्सिजन असेल तर तपकिरी चोथा खाली बसतो, नसेल तर पांढरा. आमचा नासलेल्या दुधासारखा पांढरा. पाणी तेच, तलाव तोच, फक्त घड्याळ वेगळं, आणि हे लॅबवाला तुम्हाला आपणहून सांगत नाही कारण पहाटे यायचं त्यालाही जिवावर येतं.

आता किड्यांचं. सामान म्हणजे पिठाची जुनी चाळणी, पांढरा ट्रे, भिंग, मोबाईल. कडेचा गाळ आणि गवताची मुळं चाळायची, ट्रेमध्ये पाणी घेऊन ओतायचं आणि दोन मिनिटं गप्प बसायचं, आधी वाटतं नुसता कचरा आहे आणि मग कचरा चालायला लागतो. आमच्या पहिल्या ट्रेमध्ये सव्वीस लाल अळ्या, गाळातले केसासारखे बारीक किडे नऊ, दोन गोगलगायी, आणि टाचणीचं, म्हणजे चतुराच्या बारीक भावंडाचं, एकच पिल्लू. लाल अळी म्हणजे अ‍ॅक्वेरियमच्या दुकानात ब्लडवर्म म्हणून मिळते तीच, तिच्या अंगात आपल्यासारखं हिमोग्लोबिन असतं म्हणून ऑक्सिजन संपत आला तरी ती टिकते. नाजूक जाती, म्हणजे मेफ्लाय नावाच्या उडत्या किड्याची पाण्यातली शेपट्यावाली पिल्लं वगैरे, त्या आधीच गायब. आणि ही मंडळी आठवडे, महिने त्याच पाण्यात काढतात, त्यामुळे रात्री कोणी टँकर रिकामा करून गेलं तरी ते त्यांच्यावर उमटतं, भले तुम्ही झोपलेले असा.

हे काही हौशी लोकांचं खूळ नाही बरं का. सीपीसीबीची स्वतःची जैविक पद्धत आहे, किड्यांच्या प्रत्येक कुटुंबाला १ ते १० गुण, गाळातल्या किड्यांना १, लाल अळीला २, संवेदनशील जातींना वरचे, त्याची सरासरी आणि सोबत विविधतेचा आकडा, त्यावरून पाणी ए (स्वच्छ) ते ई (सगळ्यात घाण) वर्गात पडतं.

तोटे आहेतच. किडे सांगतात की काहीतरी बिघडलंय, काय बिघडलंय ते सांगत नाहीत, सांडपाणी की केमिकल हे लॅबनेच कळणार. पावसात सगळं धुऊन जातं म्हणून जुलैची तुलना जानेवारीशी करू नका. आणि आम्ही केलेला गाढवपणा म्हणजे आमच्या तळ्याची तुलना येऊरच्या ओढ्याशी केली, ओढ्याचं पाणी वाहतं, तिथले किडेच वेगळे, आपलं तळं त्यापुढे नापासच होणार! तुलनेला तशाच साठलेल्या पाण्याचा, त्यातल्या त्यात बरा तलाव शोधा.

सॅटेलाईटचंही कोणीतरी विचारलं होतं, सेंटिनेल-२ या युरोपच्या सॅटेलाईटचे फोटो फुकट आहेत, पण एक पिक्सेल १० मीटरचा आणि पावसाळाभर ढग, छोट्या तळ्याला सोडून द्या.

आता तुमच्या नेरूळचा खरा प्रश्न. तुमच्या पाणथळीत भरतीचं पाणी येतं ना? मग वरची गुणांची पद्धत विसरा, ती गोड्या पाण्याची आहे. खाडीत खारटपणा दिवसातून दोनदा बदलतो, तिथे मुळातच मोजक्या चिवट जाती राहतात, म्हणजे स्वच्छ खाडीसुद्धा आपल्या हिशोबाने आजारी दिसेल. तिथे गाळ तपासा, कारण जड धातू पाण्यात कमी आणि गाळात जास्त सापडतात, आणि पाणी आत यायचा मार्ग उघडा आहे का ते बघा. तोच बुजला असेल तर तुम्ही बाटल्या कितीही भरा, आजार बाटलीत नाहीये.

आणि प्लीज, फ्लेमिंगो भरपूर आले म्हणजे खाडी छान, असं रिपोर्टमध्ये लिहू नका. ठाणे खाडी २०१५ ला अभयारण्य झाली, २०२२ ला रामसर, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळींच्या, यादीत गेली, सगळं खरं, पण लेसर फ्लेमिंगो (फ्लेमिंगोची लहान जात) शेवाळ खातो आणि शहराच्या सांडपाण्यातलं नायट्रोजन-फॉस्फरस ते शेवाळ वाढवतं, त्यामुळे पक्षी वाढण्यात आपल्या गटारांचाही हात असू शकतो. त्यापेक्षा तुमच्या जवळच्या दिवाळे गावच्या कोळ्यांना विचारा, निवट्या (चिखलातले मासे), चिंबोऱ्या (खेकडे) पूर्वी कुठे मिळायच्या आणि आता कुठे मिळतात, हे त्यांना तोंडपाठ असतं.

तर माझं मत असं की गोडं तळं असेल तर दर महिन्याला किडे मोजा, आणि गुणांची सरासरी घसरली की त्याच आठवड्यात पहाटेचं सॅम्पल लॅबला द्या, वर्गणीतले बहुतेक पैसे त्याच दिवसासाठी राखून ठेवा. खाडीचं असेल तर सुरुवात गाळाच्या टेस्टने, एकदा पावसाच्या आधी, एकदा नंतर. ट्रे माझ्याकडे दोन आहेत, एक घेऊन जा, चाळणी मात्र तुमची आणा, आमच्याकडची परत स्वयंपाकघरात नेल्यावरून घरात बोलणी बसलीत.