खोक्यावर १-८, डोळ्याला ६.४: मल्टिगनसाठी स्कोप घेताना होणारी फसवणूक

स्कोपच्या, म्हणजे रायफलवर बसवायच्या दुर्बिणीच्या, खोक्यावर '१-८×२४' छापलेलं होतं: पॉवर १ ते ८ पट, पुढची काच २४ मिलिमीटरची. नळीवर तेच कोरलेलं, पॉवर रिंगवरही १ पासून ८ पर्यंतचे आकडे नीट रंगवलेले. मोजल्यावर तो स्कोप १.१५ ते ६.४ पटींचा निघाला. मल्टिगनच्या, म्हणजे रायफल, पिस्तूल आणि शॉटगन तिन्ही लागणाऱ्या खेळाच्या, पहिल्या स्पर्धेसाठी तो घेणाऱ्या नेमबाजाला हे कळलं तेव्हा माउंटच्या (स्कोप रायफलला धरणाऱ्या पकडीच्या) रिंगांचे व्रण नळीवर उमटले होते आणि "वापरलेला माल परत घेत नाही" म्हणून विकणाऱ्याने हात वर केले होते. पैसे गेले ते गेलेच, पण त्याहून वाईट हे की पुढचा सगळा सराव चुकीच्या आकड्यांवर झाला. ज्या मोजणीने हे उघड झालं तिला पंधरा मिनिटं, एक व्हर्नियर कॅलिपर आणि चिकटपट्टीचे दोन तुकडे लागतात. ही मोजणी स्कोप रायफलवर चढवायच्या आधी करायची असते.

युक्ती अगदी साधी होती. विकणाऱ्याने रिंग सर्वांत वरच्या आकड्यावर ठेवून दूरचा फलक दाखवला. अक्षरं मोठी आणि स्वच्छ दिसली, घेणारा भुलला. ६.४ पट आणि ८ पट यांतला फरक नुसत्या डोळ्याला कळत नाही, शेजारी खरा आठ पटीचा स्कोप ठेवला तरच कळतो. रिंग १ वर आणून दोन्ही डोळे उघडे ठेवून बघा, असं कुणी म्हणालं नाही. लाल ठिपक्याची चमक दाखवली तीही दुकानाच्या सावलीत.

गंमत म्हणजे खोक्यातल्या माहितीपत्रकानेच खोटं उघडं पाडलं होतं, फक्त ते कुणी वाचलं नाही. त्यात १०० मीटरवरचा दृश्यपट्टा, म्हणजे फील्ड ऑफ व्ह्यू, खालच्या पॉवरला ३० मीटर आणि वरच्या पॉवरला ५.३ मीटर असा दिला होता. पॉवर जितक्या पटीने वाढते तितक्या पटीने दृश्यपट्टा आक्रसतो. ३० ला ५.३ ने भागलं की ५.७ येतात. ज्याची पॉवर १ वरून ८ वर जाते, त्याचा भागाकार आठच्या आसपास यायला हवा. दहा-पंधरा टक्क्यांचा फरक चांगल्या स्कोपमध्येही आढळतो, कारण काही रचनांत खालच्या पॉवरला नळीची आतली कडाच दृश्य कापते. त्याला टनेलिंग म्हणतात: रिंग १ कडे फिरवत जाता, दृश्य लहान होत जातं, पण कडेने नवीन काही दिसायला लागत नाही, फक्त काळी चौकट जाड होते. आठाऐवजी ५.७ येत असतील तर एकतर आकडे फुगवलेले आहेत, नाहीतर टनेलिंग भयंकर आहे. दोन्ही परिस्थितींत तो स्कोप घ्यायचा नाही.

आता प्रत्यक्ष मोजणी. आधी डायॉप्टर, म्हणजे डोळ्याकडच्या काचेचा फोकस, लावून घ्या: रिंग कमाल पॉवरवर, स्कोप कोऱ्या आकाशाकडे (सूर्याच्या आसपासही नको), आणि डोळ्याकडची काच रेटिकल (आतल्या नेमायच्या खुणा) पहिल्या क्षणातच धारदार दिसेपर्यंत फिरवा. एकटक बघत राहू नका, डोळा स्वतःच जुळवून घेतो आणि मोजणी बिघडते. मग पुढच्या काचेवर चिकटपट्टीचे दोन सरळ तुकडे असे लावा की त्यांच्या आतल्या कडांमध्ये नेमकं २० मिलिमीटर अंतर राहील. पट्टी कमी डिंकाची, रंगकाम करणारे वापरतात ती कागदी घ्या, म्हणजे काचेच्या लेपाला धक्का लागत नाही. स्कोप उजेड असलेल्या पांढऱ्या भिंतीकडे रोखून टेकवा आणि डोळ्याकडच्या काचेमागे सात-आठ सेंटिमीटरवर पांढरा कागद धरा. कागदावर प्रकाशाची लहान चकती पडेल. कागद मागेपुढे करून तिची कड सगळ्यात रेखीव करा. चकतीच्या दोन्ही बाजू पट्ट्यांच्या सावलीने कापलेल्या दिसतील. त्या दोन सावल्यांमधलं अंतर कॅलिपरने मोजा आणि २० ला त्याने भागा. जो आकडा येईल ती खरी पॉवर. आठ पटीला २.५ मिलिमीटर यायला हवेत, सहा पटीला ३.३. वर सांगितलेल्या स्कोपला तीन मोजण्यांत ३.१, ३.२ आणि ३.१ आले, म्हणजे पॉवर ६.४. एका मोजणीवर विसंबू नका, कारण इथे दशांश मिलिमीटरची चूकसुद्धा पॉवर पाव पटीने हलवते.

पट्ट्या न लावता नुसत्या चकतीचा व्यास मोजून २४ ला त्याने भागायची पद्धतही सांगितली जाते. ती जलद आहे, पण स्कोपच्या आत कुठे अरुंद कडं असेल तर चकती मुळातच लहान पडते आणि पॉवर आहे त्याहून जास्त वाटते. पट्ट्यांची पद्धत तिथेही फसत नाही.

१ वर मात्र कॅलिपर उपयोगी नाही. तिथे जाळीचं कुंपण, विटांची भिंत किंवा सारख्या अंतरावरचे गज शोधा, निदान ३० मीटर लांब. फार जवळची वस्तू खऱ्या १ पटीच्या स्कोपमधूनही किंचित मोठी दिसते, कारण स्कोपचं पुढचं तोंड तुमच्या डोळ्यापेक्षा त्या वस्तूच्या जवळ असतं. एक डोळा स्कोपला, दुसरा उघडा. स्कोपमधले २० गज उघड्या डोळ्याच्या किती गजांवर बसतात ते मोजा. २० वर २० बसले तर १ खरा. २० वर २३ बसले तर तो १.१५ आहे. दाराच्या चौकटीसारखी जवळची नव्हे, विजेच्या खांबासारखी लांबची उभी कड घेतली तरी चालतं: खांब स्कोपच्या कडेशी आणा, आतला आणि बाहेरचा भाग एका रेषेत राहतो की तुटून सरकतो ते बघा.

पंधरा टक्क्यांनी काय बिघडतं, असं विचारणाऱ्याने मल्टिगनची स्टेज, म्हणजे स्पर्धेतली एक फेरी, डोळ्यासमोर आणावी. रायफल, पिस्तूल आणि शॉटगन एकाच धावेत, घड्याळ चालू. रायफलच्या गोळ्यांचा मोठा वाटा ३ ते १५ मीटरवरच्या कागदी टार्गेटांवर जातो, आणि ती टार्गेटं धावता धावता, भिंतीआडून, नो-शूटच्या (ज्यावर गोळी लागू द्यायची नाही अशा टार्गेटच्या) शेजारून घ्यायची असतात. तिथे खरा १ असेल तर स्कोप रेड डॉटसारखा (दृश्य मोठं न करता नुसता लाल ठिपका दाखवणाऱ्या साधनासारखा) वापरता येतो: दोन्ही डोळे उघडे, नजर टार्गेटवर, ठिपका त्यावर येऊन बसतो. एका डोळ्याचं चित्र दुसऱ्याहून १५ टक्के मोठं असेल तर मेंदूला ती दोन चित्रं एकत्र करता येत नाहीत. रायफल वळवली की दृश्य उडी मारतं. नेमबाज नकळत एक डोळा मिटतो, आणि पुढचं टार्गेट त्या मिटलेल्या डोळ्याच्या बाजूला असतं. दूरच्या स्टीलच्या टार्गेटांवर आठ पटींनी जे कमावलं असतं, त्याहून जास्त इथे हातचं जातं. म्हणून स्कोप निवडताना पहिली परीक्षा खालच्या आकड्याची, वरचा आकडा नंतर.

वरचा आकडा किती लागतो याचं उत्तर तुमच्या स्पर्धेतलं सर्वांत लांबचं टार्गेट देतं. ३०० मीटरवरची २५ सेंटिमीटरची प्लेट सुमारे २.९ एमओएची (एमओए म्हणजे अंशाचा साठावा भाग) असते. सहा पटींतून ती ५० मीटरवरून उघड्या डोळ्याने बघितल्यासारखी दिसते, आणि तेवढं पुरतं. सगळं १०० मीटरच्या आत असेल तर १-४ किंवा पॉवर नसलेला डॉटसुद्धा बास. मोकळ्या डोंगराळ मैदानावरच्या स्पर्धांत टार्गेटं ४००-५०० मीटरपर्यंत जातात, गवतात रंग उडालेलं स्टील शोधावं लागतं, तिथे १-८ किंवा १-१० ला अर्थ आहे. पण त्याची किंमत डोळ्याला मोजावी लागते. २४ मिलिमीटरच्या पुढच्या काचेतून सहा पटीला ४ मिलिमीटरची चकती डोळ्यापाशी येते, आठ पटीला ३, दहा पटीला जेमतेम २.४. पालथं झोपून, मान सरळ असताना हे जाणवत नाही. बॅरिकेडच्या खालच्या भोकातून, वाकडं होऊन, उलट्या खांद्यावरून मारताना त्या ३ मिलिमीटरमध्ये बुबुळ ठेवणं जड जातं, दृश्यात काळी कोर येते आणि सेकंद वाया जातात. विक्रेता हे सांगणार नाही, कारण त्याच्या दुकानात तुम्ही सरळ उभे असता. उभं राहून बघू नका, काउंटरच्या कडेखाली वाकून, डोकं तिरकं करून, कमाल पॉवरवर बघा.

खोट्या पॉवरचा दुसरा फटका होल्डओव्हरला, म्हणजे लांबच्या टार्गेटवर गोळीचा उतार धरून वर नेमण्याला, बसतो. रेटिकल दुसऱ्या फोकल प्लेनमध्ये असेल (म्हणजे पॉवर बदलली तरी तेवढंच दिसत असेल) तर त्याच्या खुणा एकाच पॉवरला खऱ्या असतात, बहुधा कमाल पॉवरला. खुणा ८ पटीसाठी कोरलेल्या आणि काच ६.४ वरच थांबते, तर प्रत्येक खूण सव्वापट मोठी होते. ४०० मीटरवर २.५ मिलची (एक मिल म्हणजे १०० मीटरवर १० सेंटिमीटर) खूण धरली की प्रत्यक्षात ३.१ मिल धरलं जातं आणि गोळी २५ सेंटिमीटर वर जाते. २५ सेंटिमीटरच्या प्लेटवर मध्य धरला होता, म्हणजे गोळी प्लेटवरून साफ निघून गेली. नेमबाज दारूगोळ्याला दोष देतो, मग बॅरलला, मग स्वतःच्या ट्रिगरला. तपासायला १०० मीटरवर मोजपट्टी उभी टांगा, अंतर टेपने मोजा: १० मिलच्या खुणांमध्ये नेमका १ मीटर बसला पाहिजे. पहिल्या फोकल प्लेनच्या, म्हणजे पॉवरबरोबर लहानमोठं होणाऱ्या, रेटिकलमध्ये हीच मोजणी प्रत्येक पॉवरला जुळली पाहिजे.

प्रकाशित रेटिकलचा शब्दच्छल वेगळाच. "डेलाइट ब्राइट", म्हणजे उन्हातही दिसणारं, असं सर्रास छापतात. फायबर किंवा डिफ्रॅक्शनवर चालणारा ठिपका भर दुपारी पांढऱ्या टार्गेटवर लाल दिसतो. साध्या एलईडीने उजळलेलं रेटिकल सावलीत सुंदर आणि उन्हात काळं. पहिल्या फोकल प्लेनच्या स्कोपमध्ये १ वर रेटिकल बारीक होऊन जवळजवळ नाहीसं होतं, तिथे ठिपका उन्हात दिसला नाही तर नेमायला काहीच उरत नाही. दुकानाबाहेर या, ऊन पडलेल्या पांढऱ्या भिंतीकडे रोखा, नवी सीआर२०३२ बॅटरी स्वतःच्या खिशातली घाला.

स्कोपसोबत ४५ अंशांत तिरका बसणारा डॉट "भेट" म्हणून चिकटवणाऱ्यांपासूनही जपा. बहुतेक नियमांत टॅक्टिकल डिव्हिजनला (साधनांनुसार पाडलेल्या गटांपैकी एकाला) रायफलवर एकच ऑप्टिक, म्हणजे स्कोप किंवा डॉट, चालतं. दुसरं बसवलं की तुम्ही थेट ओपन गटात, जिथे समोरच्यांकडे कॉम्पेन्सेटर (नळीच्या तोंडाचा झटका कमी करणारं साधन), बायपॉड (दोन पायांचं टेकण), डॉट लावलेली पिस्तुलं आणि शॉटगन असतात. लिमिटेड गटात पॉवर असलेली काच चालत नाही, तिथे डॉटमागे मॅग्निफायर (दृश्य मोठं करणारी जोड) लावणंही तसंच नडतं. तपशील स्पर्धेगणिक बदलतात, म्हणून ज्या स्पर्धेत उतरायचं तिचं नियमपुस्तक आधी, खरेदी नंतर.

जुन्या बाजारात धोका आणखी वाढतो. ल्यूपोल्ड, नाइटफोर्स, ट्रिजिकॉन, व्होर्टेक्स या नावांच्या नकला एअरसॉफ्टच्या (प्लास्टिकच्या छर्र्यांच्या खेळातल्या बंदुकांच्या) बाजारातून सरळ खऱ्या रायफलींवर येतात. नळी हुबेहूब, पण आतली स्प्रिंग आणि डिंक रायफलच्या हादऱ्यासाठी नसतात. पाचपन्नास गोळ्यांत झीरो, म्हणजे स्कोपचा नेम आणि गोळी यांचा जुळवलेला मेळ, भटकायला लागतो. अनुक्रमांक मागा आणि पैसे देण्याआधी तो निर्मात्याकडे तपासा. विकणारा देत नसेल तर व्यवहार तिथेच थांबवा. फोटो चोरलेले असू शकतात, म्हणून नवा मागा: रिंग ४ वर ठेवलेली, शेजारी आजची तारीख हाताने लिहिलेला कागद. "कालच दुसऱ्याने मागितला" असं सांगून घाई करणारा, आणि खरेदीला संरक्षण नसलेल्या मार्गानेच पैसे मागणारा, हे बहुतेक वेळा एकच असतात.

माल हाती आल्यावर खोकं उघडतानाचा व्हिडिओ घ्या, मोजण्या करा, कॅलिपरचे फोटो ठेवा. परतीची मुदत संपेपर्यंत रिंगा आवळू नका. पुढे आवळताना टॉर्क स्क्रूड्रायव्हर वापरा आणि माउंट बनवणाऱ्याचा आकडा पाळा, बहुतेक रिंगांच्या वरच्या स्क्रूंना १५ ते १८ इंच-पाउंड. जास्त आवळलं की पॉवर रिंग जड फिरते, नळीवर दबलेला पट्टा उमटतो आणि "तुम्हीच बिघडवला" म्हणायला आयतं कारण मिळतं.

ज्याच्या गळ्यात असा स्कोप आधीच मारला गेलाय आणि परत जाण्याची वाट बंद आहे, त्याने मोजलेले आकडे कागदी पट्टीवर लिहून नळीला चिकटवावेत. छापील खुणा विसरून १००, २००, ३०० आणि ४०० मीटरवर कमाल पॉवरला प्रत्यक्ष गोळ्या मारून नवा तक्ता करावा, आणि १ च्या आकड्यावर भरवसा नसल्याने जवळची टार्गेटं मारताना किती वेळ लागतो तो टायमर लावून पाहावा. विकायचा झाला तर खोक्यावर १-८ खोडून त्याखाली १.१५-६.४ लिहूनच विकावा.