गर्दीचा आवाज गाळून क्रिकेट: एका मोसमाच्या वापरानंतर

बाबांना हल्ली कमी ऐकू येतं. आयपीएलचं मराठी समालोचन लावलं की आरड्याओरड्यात नेमकं बोलणंच त्यांना कळत नाही, आणि आवाज वाढवला की शेजारी येतात. म्हणून टीव्हीला जोडलेल्या कॉम्प्युटरवर 'इक्वलायझर एपीओ' हे आवाजाच्या जाड-बारीक पट्ट्या हव्या तशा कमी-जास्त करणारं फुकट सॉफ्टवेअर टाकलं. अख्खा मोसम आणि त्यानंतरचे सामने त्यावरच पाहिलेत.

फार मोठी अपेक्षा ठेवू नका. २०१० च्या दक्षिण आफ्रिकेतल्या फुटबॉल विश्वचषकात वुवुझेला गाळणारे फिल्टर गाजले, कारण त्या भोंग्याचा सूर ठरलेला: साधारण २३३ हर्ट्झ आणि त्याच्या पटीतले ४६६, ९३२ वगैरे. तेवढ्या अरुंद पट्ट्या कापल्या की भागतं. वानखेडेच्या गर्दीला असा एक सूर कुठला? तीही माणसंच, त्यामुळे ओरडणं समालोचकाच्याच पट्ट्यात पसरलेलं. तिथे कात्री चालवली तर गळा दोघांचाही कापला जातो.

खरा उपयोग झाला तो डावा-उजवा चॅनल एकत्र करण्याचा. समालोचन सहसा दोन्हीकडे सारखंच असतं, म्हणून बेरजेत ते ६ डेसिबलने वाढतं. गर्दी दोन्हीकडे वेगळी, ती ३ नेच वाढते. ही ३ डेसिबलची आघाडी सेटिंगच्या फाइलमधल्या एका ओळीत मिळते. शिवाय १५० हर्ट्झच्या खालचं उतरवलं (ढोल आणि डीजे तिथेच धडधडतात) आणि २ ते ४ किलोहर्ट्झ जरा उचललं, म्हणजे व्यंजनं सुटी ऐकू येतात. आवाज थोडा कर्कश होतो खरा, पण बाबा आता 'काय म्हणाला?' असं फारसं विचारत नाहीत.

'आरएननॉईज' हे न्यूरल नेटवर्कवालं (म्हणजे उदाहरणांवरून शिकवलेलं) प्लगइनही त्याला जोडून पाहिलं. ते बोलणं ठेवून बाकीचं काढायलाच बनवलंय, आणि गर्दी खरोखर नाहीशी होते. पण बॅटचा ठोकाही जातो! कड लागली की नाही हे कानाने कळणं बंद. स्टुडिओतल्या गप्पा वाटतात, सामना नाही. मी ते काढून टाकलं.

दोन्ही चॅनलच्या बेरजेऐवजी वजाबाकी केली तर समालोचन जवळजवळ पुसलं जातं आणि मैदानच उरतं. काही समालोचकांच्या वेळी मी तेच लावतो, बाबा झोपल्यावर.

प्रक्षेपण ५.१ मध्ये (डाव्या-उजव्याशिवाय मधला आणि मागचे चॅनलही वेगळे असलेल्या आवाजात) मिळत असेल तर आधी मधला चॅनल वाढवून बघा, बोलणं बहुतेक तिथेच असतं. आणि इक्वलायझर एपीओ फक्त विंडोजवर चालतं, फोनवर नाही.